तंबोरानिर्मिती
तंबोरानिर्मिती : गायनवादनास आधारस्वर पुरविणाऱ्या तंबोरा या तंतुवाद्याच्या घडणीची हस्तकला. महाराष्ट्रात तिचे प्रमुख केंद्र सांगली जिल्ह्यातील मिरज हे होय. तंबोऱ्याला पडदे नसतात व बोटांनी तार दाबून त्यावर स्वर काढावयाचे नसतात. त्यामुळे तंतुवाद्य घडवू पाहणाऱ्या नवशिक्याला हे वाद्य प्रथमदर्शनी सोपे वाटते. प्रत्यक्षात त्याचे सारे गुण खुल्या तारेच्या नादावर अवलंबून असल्याने घडणीतील दोष वादनकौशल्याने झाकता येत नाहीत. लाकूडकाम काही वर्षांच्या सरावाने हाती येते; तारेचा नाद ओळखून त्याप्रमाणे घोडी घासण्याची, म्हणजेच जवारी काढण्याची, कला मात्र कानावर दीर्घकाळ संस्कार झाल्यावाचून साधत नाही. म्हणूनच या व्यवसायाचे शिक्षण मापांच्या तक्त्यांपेक्षा जाणत्या कारागिराच्या सहवासावर उभे राहिले आहे.

इतिहास : मिरजेतील या व्यवसायाचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झाला, असे मानले जाते. तलवारी, भाले इ. शस्त्रांना धार लावणे व ती दुरुस्त करणे हा शिकलगारांचा परंपरागत व्यवसाय. ब्रिटिश सत्ता स्थिरावल्यानंतर शस्त्रांची मागणी ओसरली आणि या कारागिरांना दुसरे काम शोधणे भाग पडले. त्यांपैकी फरीदसाहेब यांनी सु. १८५० पासून वाद्यांची दुरुस्ती व पुढे सतार-तंबोऱ्यांची घडण हाती घेतली. मिरज संस्थानच्या पटवर्धन अधिपतींच्या संगीतप्रेमामुळे तेथे गवयांचे येणेजाणे असे व त्यामुळे वाद्यांना गिऱ्हाईक आणि कारागिरांना परीक्षक लाभले. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांनी मिरजेत वास्तव्य केले. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरात त्यांचे दफन झाले असून तेथील उरुसाच्या वेळी प्रतिवर्षी संगीतसभा भरते. सुरेल तंबोऱ्यावर विशेष भर देणाऱ्या गायकांच्या या सान्निध्याचा मिरजेच्या तंबोऱ्याला मोठा लाभ झाला. वाद्य घडविणारी कुटुंबे पुढे ‘सतारमेकर’ या आडनावाने ओळखली जाऊ लागली व त्यांच्या वस्तीलाही सतारमेकर गल्ली हे नाव पडले.

साहित्य : तंबोऱ्याचे मुख्य भाग भोपळा, गळा, दांडी, तबली, खुंट्या, अटी, घोडी व तारा हे होत. भोपळा कडू जातीचा असून तो मुख्यतः सोलापूर जिल्ह्यात भीमा नदीच्या खोऱ्यातील पंढरपूर व मंगळवेढे या भागांतून येतो. तो वेलावर पूर्ण जून होऊ द्यावा लागतो व नंतर काही महिने वाळवावा लागतो. मर्दानी तंबोऱ्यास सु. १२० ते १४० सेंमी. घेराचा भोपळा लागतो. जनानी तंबोऱ्यास त्याहून लहान चालतो. भोपळा हे शेतात वाढणारे फळ असल्याने दोन भोपळे तंतोतंत सारखे नसतात. पुढील सर्व मापे त्याच्या आकारावरून ठरवावी लागतात आणि कारागिरी यांत्रिक पद्धतीने सहजासहजी करता येत नाही, याचे हे पहिले कारण होय. दांडी, गळा व तबली यांसाठी तून वृक्षाचे लाकूड वापरतात. ते हलके, मध्यम कठीण व कोरण्यास सोयीचे असते. ते नीट वाळलेले नसल्यास दांडी पुढे तारांच्या ताणाने वाकते किंवा पिळते. खुंट्यांसाठी शिसवीसारखे कठीण लाकूड वापरतात. घोडीचा माथा व नक्षीकाम यांसाठी पूर्वी हस्तिदंताचाही उपयोग होई. वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ व १९९१ साली झालेल्या दुरुस्त्यांनी हस्तिदंताचा व्यापार बंद झाल्यानंतर उंटाचे हाड व कृत्रिम पदार्थ हेच प्रचारात राहिले.

घडण : भोपळ्याची पुढील बाजू कापून आतील बिया व गर काढून टाकतात. नंतर तो पाण्यात भिजवून मऊ करतात, आतून खरवडतात आणि तोंडाचा आकार बिघडू नये म्हणून आत काठ्यांचे आधार देऊन पुन्हा वाळवितात. भोपळा व दांडी यांना जोडणारा लाकडी भाग म्हणजे गळा. तारांचा बराचसा ताण याच सांध्यावर येत असल्याने तो भोपळ्याच्या गोलाईशी अचूक बसावा लागतो. फट राहिल्यास ती सरसाने बुजविता येते, पण तेथील बळ भरून येत नाही. दांडी आतून कोरून पोकळ करतात व तिचे तोंड पट्टीने बंद करतात. भोपळ्याच्या तोंडावर तबली बसवितात. ती सपाट नसून मध्यभागी किंचित फुगीर असते. घोडीचा भार पेलण्याइतकी जाड आणि तारांच्या कंपनांबरोबर हलण्याइतकी पातळ, अशी दुहेरी अपेक्षा तिच्याकडून असते. जाडी योग्य झाली की नाही, हे कारागीर बोटाने ठोकून येणाऱ्या आवाजावरून ठरवितो. खुंट्या निमुळत्या असतात व त्यांची भोकेही त्याच उताराची पाडावी लागतात. भोक पूर्ण गोल नसल्यास खुंटी सरकते व तार उतरते. शेवटी वेलबुट्टीची नक्षी, लाखेचे पॉलिश व तारा चढविणे ही कामे होतात. पहिली तार पंचमात (रागानुसार मध्यम वा निषादात), मधल्या जोडीच्या दोन तारा षड्‌जात व चौथी पितळी तार खर्जात लावतात. घोडीच्या मागे तारांत ओवलेले मणी सरकवून स्वर सूक्ष्मपणे मिळविता येतो.

जवारी : तंबोऱ्याची घोडी रुंद असून तिचा माथा अतिशय सौम्य वक्राकार असतो. या वक्रतेला व तिच्यामुळे मिळणाऱ्या नादगुणाला जवारी म्हणतात. तार छेडल्यावर ती घोडीच्या कडेवरून एकदम सुटत नाही, तर कंप पावताना माथ्याला पुन:पुन्हा अलगद स्पर्श करते. त्यामुळे तारेची परिणामी लांबी क्षणोक्षणी किंचित बदलते व मूळ कंप्रतेच्या (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येच्या) दुप्पट, तिप्पट, चौपट इ. कंप्रतांचे उपस्वर एकामागून एक उमटत राहतात. तार व घोडी यांच्या मध्ये सुती वा रेशमी दोरा घालून हा स्पर्श नेमक्या जागी आणतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी भारतीय तंतुवाद्यांविषयी १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या घोडीचे वैशिष्ट्य दाखवून दिले. तार ज्या बिंदूपाशी छेडावी त्या बिंदूपाशी स्थिर राहणारे उपस्वर तिच्या नादात असू नयेत, असा सर्वसामान्य नियम आहे. वीणा व तंबोरा या वाद्यांत मात्र तेही स्पष्ट ऐकू येतात, असे त्यांना आढळले.

जवारी काढताना घोडीचा माथा कानशीने किंवा पोलादी पात्याने थोडाथोडा घासतात, तार चढवून ऐकतात आणि पुन्हा घासतात. माथा फार सपाट झाल्यास तार खरखरते. फार गोल राहिल्यास नाद कोरडा व अल्पजीवी होतो. चारही तारांचा नाद एकाच जातीचा यावा लागतो. या कामाची सर्वमान्य कसोटी म्हणजे स्वयंभू गंधार. तंबोऱ्याची कोणतीही तार गंधारात लावलेली नसते; तरीही जवारी उत्तम साधली असता खर्जाच्या तारेतून, मूळ कंप्रतेच्या पाचपट कंप्रतेचा उपस्वर म्हणून, गंधार ऐकू येतो. वापराने माथ्यावर तारांच्या खाचा पडतात व जवारी बंद होते. तेव्हा ती पुन्हा काढावी लागते. त्यामुळे वाद्य विकल्यानंतरही कारागीर व गायक यांचा संबंध तुटत नाही.

शिक्षणक्रम : या कलेचा लिखित अभ्यासक्रम परंपरेने नव्हता, मूल घरच्या कारखान्यातच वाढे व शिके. तथापि कामे सोपविण्याच्या क्रमात एक निश्चित तत्त्व आढळते. ज्या कामातील चूक दुरुस्त करता येते ते आधी, जी चूक भरून येत नाही ते नंतर. नवशिक्याला आरंभी भोपळे साफ करणे, लाकूड घासणे, सरस शिजविणे, पॉलिशचे हात देणे अशी कामे मिळतात. त्यांतून त्याला लाकडाचा पोत व साहित्याचे स्वभाव कळू लागतात. त्यानंतर जुन्या वाद्यांची दुरुस्ती येते. सरसाचा सांधा ऊब व ओलावा दिल्यास सुटतो. अशी वाद्ये उघडताना आतील रचना, पूर्वीच्या कारागिराची पद्धत आणि त्याच्या चुकाही दिसतात. नवे वाद्य घडविण्यापूर्वी शिष्य अनेक वाद्ये मोडलेल्या अवस्थेत पाहतो, हे या शिक्षणाचे मोठे बलस्थान होय.

पुढील टप्प्यात खुंट्या बसविणे, दांडी कोरणे व गळ्याचा सांधा जुळविणे ही कामे येतात. येथे एकदा जास्त कापलेले लाकूड परत मिळत नाही. भोपळा चुकीचा कापला गेल्यास शेतकऱ्याची एका हंगामाची मेहनत व वाळवणीचे महिने वाया जातात. म्हणून पटाशी चालविण्याइतकेच पटाशी केव्हा थांबवावी, हे शिकणे महत्त्वाचे ठरते. नवशिक्याचा नेहमीचा दोष घाई हा नसून एकच भाग परिपूर्ण करण्याचा हव्यास हा असतो : तबली गुळगुळीत करता करता तो ती प्रमाणाबाहेर पातळ करतो. जवारी सर्वांत शेवटी शिकविली जाते. तीत हात व कान एकाच वेळी वापरावे लागतात आणि कान तयार नसेल, तर हाताला कोठे जावयाचे तेच कळत नाही. शिष्य उत्तम गायक नसला तरी चालते, पण त्याला षड्‌ज-पंचमाचा संवाद ओळखता आलाच पाहिजे.

गिटारशी तुलना : पाश्चात्त्य देशांत हौशी शिकाऊ कारागीर प्रथम बहुधा गिटार हे वाद्य घडवितात. गिटारची पेटी पातळ फळ्यांची असते. बाजूच्या पट्ट्या ओलसर करून तापलेल्या नळीवर वाकवितात व पुढील फळीला आतून काड्यांचे आधार देतात. या आधारांच्या पंख्यासारख्या मांडणीस स्पॅनिश कारागीर आंतोन्यो दे तोरेस (१८१७–९२) याने परिणत रूप दिले. नादात पुढील फळीचा वाटा किती मोठा आहे, हे दाखविण्यासाठी त्याने १८६२ मध्ये बाजू व पाठ कागदाच्या लगद्याची असलेली एक गिटार घडविली होती. तंबोऱ्याच्या तबलीलाही हेच तत्त्व लागू पडते. गिटारचे पडदे मात्र गणिताने बसविता येतात. तारेच्या उरलेल्या लांबीस दर वेळी १७·८१७ ने भागल्यास पुढील पडद्याचे अंतर मिळते, ६५० मिमी. लांबीच्या तारेवर पहिला पडदा अटीपासून सु. ३६·५ मिमी. व बारावा बरोबर मध्यावर, ३२५ मिमी. वर, येतो. त्यामुळे पुस्तकावरून व नकाशावरून पहिली गिटार घडविणे शक्य होते. तिच्या घोडीवरून तार स्वच्छ सुटावी लागते. तार घोडीला घासून झणझणली, तर तो दोष समजतात. तंबोऱ्यात तोच स्पर्श योग्य प्रमाणात आणणे हे घडणीचे साध्य असते. एका वाद्याचा दोष दुसऱ्याचा प्राण ठरतो आणि त्या प्रमाणाला संख्या देता येत नाही; गिटारची कला ग्रंथांतून पसरली व तंबोऱ्याची कला मुख्यतः घराण्यांतून टिकली, यामागील एक कारण येथे सापडते.

सद्यस्थिती : १९८० नंतरच्या दशकांत विजेवर चालणारे इलेक्ट्रॉनिक तंबोरे व पुढे भ्रमणध्वनीवरील तंबोरे यांचा प्रसार झाला. रियाजासाठी ते सोयीचे व स्वस्त असल्याने प्रत्यक्ष वाद्याच्या मागणीवर त्यांचा परिणाम झाला. मैफलीत मात्र खऱ्या तंबोऱ्याचे स्थान अबाधित आहे. मिरजेची सतार व मिरजेचा तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले. त्यामुळे अन्यत्र बनलेली वाद्ये मिरजेच्या नावाने विकण्यास कायद्याने प्रतिबंध करता येतो. कलेचे सातत्य मात्र या नोंदणीने आपोआप साधत नाही. कमी मिळकत व शिक्षणास लागणारा दीर्घकाळ यांमुळे कारागीर कुटुंबांतील काही तरुण इतर व्यवसायांकडे वळले आहेत. लाकडाची मापे, सांध्यांच्या आकृत्या व नक्षीचे नमुने नोंदवून ठेवता येतात. जवारीची नोंद मात्र केवळ कारागिराच्या कानात असते आणि ती दुसऱ्या कानापर्यंत पोहोचण्यासाठी दोघांनी एका वाद्यासमोर पुष्कळ काळ बसावे लागते. या कलेचे भवितव्य मुख्यतः असा काळ देऊ शकणारे शिष्य मिळण्यावर अवलंबून आहे.