स्कूटर दारात, मी रस्त्यात

सप्टेंबर २०२४ मध्ये मंडईखालून मेट्रो धावू लागली आणि आमच्या स्कूटरला सेवानिवृत्ती मिळाली. सदाशिव पेठेतल्या घरापासून मंडईपर्यंत पायी, तिथून तिसरं स्थानक शिवाजीनगर, की ऑफिस. स्कूटरवर बसलेल्या माणसाला रस्ता दिसतच नाही, पुढच्याचं मागचं चाक तेवढं दिसतं. पायी निघालो आणि जन्मापासूनची पेठ नव्यानं नजरेला पडली.

देवांपासूनच सुरुवात. पहिला खुन्या मुरलीधर. गद्रे सावकारांनी १७९७ साली हे देऊळ बांधलं. त्या वेळी म्हणे मारामारी होऊन माणसं पडली आणि बासरी वाजवणाऱ्या देवाला असलं नाव कायमचं चिकटलं. मग भिकारदास मारुती. शनिपार ओलांडला की जिलब्या मारुती. त्याला कुणी हलवाई जिलब्यांची माळ घालायचा, अशी कथा. परवा एक परगावचा तरुण मोबाइलवर मित्राला रस्ता सांगत होता, "खुन्याकडून सरळ ये, भिकारदासापाशी विचार, मी जिलब्याजवळ उभा आहे." मागून चाललेले टोपीवाले गृहस्थ थबकले. मला वाटलं, आता हसतील. ते शांतपणे म्हणाले, "मारुती म्हणा. जिलब्या काय नुसतं?"

मंडईत तर गंमतच आहे. १८८६ साली ही देखणी इमारत उभी राहिली, तेव्हा तिचं नाव रे मार्केट. तिच्यावर एवढा पैसा घालण्याऐवजी तो शिक्षणावर खर्च करा, असं नगरपालिकेत बसून ठणकावणारे जोतीराव फुले. आणि पुढे नाव लागलं ते त्यांचंच! आता तिच्या पोटाखाली सरकते जिने आहेत. पहिल्या पायरीला हात लावून नमस्कार करणाऱ्या एक बाई मी पाहिल्या. त्यांच्या पिशवीतली शेवग्याची शेंग मागच्या साहेबांच्या नाकाशी डोलत होती. वर पोचेपर्यंत साहेब बिचारे मान वाकडी करून उभे!

संध्याकाळी येताना मात्र मी मुद्दाम गल्लीनं येतो. तिथल्या एका वाड्याचा फक्त दगडी खांब उरलाय. दार गेलं, वाडा गेला, आत नुसता खड्डा. खांबावर पाटी शाबूत आहे: 'दार ढकलू नये. ओढावे.'

शेजारच्या वाड्याचा नंबर दिवाळीनंतर. त्याच्या ओट्यावर एक आजी मेथी निवडत बसलेल्या असतात. आमची ओळख या पायी जाण्यातलीच. मी दिसलो की त्या आतल्या घड्याळाकडे मान वळवतात. "आज सात मिनिटं उशीर रे!"

नव्या इमारतीत त्यांना सहावा मजला मिळणार आहे. "बरंच की," मी म्हटलं, "वारा येईल, लिफ्टही आहे."

"लिफ्टला ओटा असतो का?"

मी गप्प.

"आणि सहाव्या मजल्यावरून तुझा उशीर मी कसा मोजू?"

गेल्या आठवड्यात वाड्याच्या भिंतीवर पाडकामाची नोटीस लागली. इंग्रजी वळणाचं मराठी, शिक्के, तारीख. दुसऱ्या दिवशी पाहतो तर तिच्याखाली नातवाच्या अक्षरात खडूनं एक ओळ उमटलेली: 'ओट्यापाशी कागद चिकटवू नयेत. हुकमावरून.'