काळ्या तारेचा भरवसा

दिव्याचे बटण बिघडले की घरातील कर्ता माणूस पुष्कळदा स्वतःच स्क्रू-ड्रायव्हर हाती घेतो, आणि त्यात गैर असे काही नाही. वायरिंगची कामे परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करवून घ्यावीत, असे बंधन १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी घातले होते. परंतु दिवा, पंखा, फ्यूज, बटण यांची जशीच्या तशी बदली त्यांनी या बंधनातून वगळली होती. काम लहान म्हणून ही मोकळीक. मात्र बटणामागील २३० व्होल्टचा दाब लहान नाही. झाकण उघडताच ज्या दोन तारा दिसतात, त्यांच्या रंगांवर किती विसंबावे हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

भारतातील घरगुती वायरिंग ब्रिटिश पद्धतीवर उभे राहिले. त्या पद्धतीत लाल तार वीज घेऊन येणारी, म्हणजे फेजची. काळी तार परतीची, म्हणजे न्यूट्रलची. आणि हिरवी तार अर्थिंगची. पुरवठा तीन फेजचा असेल तर लाल, पिवळी आणि निळी या तिन्ही तारा जिवंत समजावयाच्या. हे कोष्टक पाठ असलेला मनुष्य बटणाशी काळी तार पाहतो आणि निर्धास्तपणे म्हणतो, ‘ही न्यूट्रल, हिच्यात वीज नाही.’ येथेच घात होतो.

कारण साध्या बटणाशी न्यूट्रल तार बहुधा येतच नाही. न्यूट्रल थेट दिव्याच्या होल्डरकडे जाते. फेजची तार मात्र आधी बटणाकडे उतरते आणि बटणातून दुसऱ्या तारेने दिव्याकडे परत चढते. याचा अर्थ, बटणाच्या दोन्ही स्क्रूंना लागलेल्या तारा फेजच्याच वाटेवरील असतात: एक सदैव जिवंत, दुसरी बटण दाबताच जिवंत होणारी. ही दुसरी तार रंगाने लालच असावी असा संकेत आहे. परंतु लाल-काळ्या तारांची जोडी हाताशी असली की वायरमन तीच वापरीत, आणि दिव्याकडे जाणारी तार काळी होई. तिचा रंग न्यूट्रलचा, काम फेजचे.

याच्या उलट, ज्या बोर्डावर बटणाशेजारी प्लगची जागा असते, तेथे खरी न्यूट्रल तार आलेली असते. ती काळी तार चुकून नव्या बटणाच्या दुसऱ्या स्क्रूला जोडली, तर बटण दाबताक्षणी फेज आणि न्यूट्रल यांची सरळ गाठ पडून फ्यूज उडतो. एकाच बोर्डात दोन काळ्या तारा आणि दोहोंची कामे निराळी, असा हा प्रकार आहे.

बेळगाव, इंदूर, बडोदे अशा गावांतील जुन्या वाड्यांत आणखी एक अडचण आहे. सागवानी पट्टीवर क्लिपांनी बसविलेल्या त्या तारांना रबराचे वेष्टन आणि त्यावर सुती विणीचे आवरण असे. वर्षानुवर्षांच्या धुराने व धुळीने लाल रंग तपकिरी होतो आणि तपकिरी काळा होतो. क्लिपेखाली किंवा लाकडी ठोकळ्याच्या आत, जेथे धूर पोचलेला नाही, तेथे मूळ रंग कधी कधी सापडतो. मात्र हात लावताच रबराचा भुगा पडू लागला, तर काम तेथेच थांबवून वायरमनला बोलवावे. अशा तारेला नवे बटण नव्हे, नवी तारच हवी.

देश बदलला की रंगांची भाषाही बदलते. अमेरिकेत काळी तार फेजची आणि पांढरी न्यूट्रलची. खुद्द ब्रिटनने २००४ साली घरांच्या वायरिंगसाठी युरोपातील रंग स्वीकारले. तेव्हापासून तेथे फेज तपकिरी व न्यूट्रल निळी झाली, आणि तीन फेजच्या जोडणीत काळा रंग एका फेजच्या वाट्याला आला. परदेशी उपकरणाच्या दोरीतील न्यूट्रलची निळी तार आणि आपल्या जुन्या तीन-फेज जोडणीतील फेजची निळी तार यांची गल्लत प्राणावर बेतू शकते.

म्हणून क्रम असा ठेवावा. प्रथम मेन स्विच बंद करून घरातील सर्वांना तसे सांगावे. केवळ फ्यूज काढून भागत नाही. जुन्या घरांत फेज व न्यूट्रल या दोहोंवर चिनी मातीचे फ्यूज असत, आणि न्यूट्रलचा फ्यूज काढला तर दिवा विझतो पण तारेतील वीज तशीच राहते. नंतर टेस्टर आधी चालू असलेल्या जागी लावून तो ठीक असल्याची खात्री करावी, मग बटणाच्या प्रत्येक स्क्रूला लावून पाहावा. कोठेही उजळला तर काम थांबवावे. जुनी तार सोडण्यापूर्वी कोणती तार कोणत्या स्क्रूला होती, हे दोरा बांधून नोंदवावे. एका स्क्रूखाली दोन तारा असतील तर पुढील बटणास वीज त्यांतूनच जाते. त्या एकत्रच ठेवाव्यात. जिन्याच्या दुहेरी बटणाला तीन स्क्रू असतात. तेथे रंग काहीच सांगत नाही. सामाईक स्क्रूची तार तेवढी ओळखून ती नव्या बटणाच्या सामाईक स्क्रूलाच लावावी.

बटण हे फेजच्या वाटेवरच असले पाहिजे. ते चुकून न्यूट्रलवर बसले, तरी दिवा नेहमीसारखाच पेटतो व विझतो, त्यामुळे दोष वर्षानुवर्षे लपून राहतो. पण विझलेल्या दिव्याच्या होल्डरात वीज खेळत असते, आणि बल्ब बदलावयास स्टुलावर चढलेल्या माणसाला ती प्रथम भेटते. असा संशय आला तर वायरमनकडून तपासून घ्यावे.

तारेचा रंग ही ती बसविणाऱ्याने ठेवलेली खूण आहे. ती खूण प्रामाणिक असेल, घाईची असेल, किंवा धुराने पुसलेलीही असेल. तारेचे काम तपासून ठरवावे, आणि तपासून होईपर्यंत प्रत्येक तार जिवंतच मानावी.