ऊर्जानगर परिसरात शाळा पुन्हा भरतात

विदर्भातील प्राथमिक शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा उघडतात, याचे कारण येथील ऊन होय. पुणे-नाशिककडील मुले जूनच्या मध्यास वर्गात बसतात, तेव्हा चंद्रपूरकडे मृगाचा पाऊस पुष्कळदा पोहोचलेला नसतो आणि मे महिन्यात 45 ते 47 अंशांपर्यंत चढलेला पारा पुरता उतरलेलाही नसतो. 2024 साली विदर्भातील शाळा 1 जुलै रोजी सुरू झाल्या, तर 2025 साली 23 जून रोजी. आणि त्या वर्षी पहिला आठवडा सकाळच्या सत्रात भरविण्यात आला. पालकांच्या दृष्टीने ही सवलत स्वागतार्ह असली, तरी ऊर्जानगरसारख्या ठिकाणी सकाळची वेळ ठरविताना उन्हाबरोबर आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो. तो पुढे येईलच.

चंद्रपूर शहरालगत, मोहर्लीमार्गे ताडोब्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर ही वसाहत वसली आहे. 1983 साली येथील औष्णिक वीज केंद्राचा 210 मेगावॅट क्षमतेचा पहिला संच कार्यान्वित झाला. पुढे संच वाढत गेले, जुने दोन निवृत्त झाले, आणि आज केंद्राची स्थापित क्षमता 2920 मेगावॅट आहे. इरई धरणाचे पाणी, दुर्गापूर-पद्मापूर भागातील कोळसा आणि भोवतालचे जंगल यांच्या मधोमध ही वस्ती उभी आहे. तेथील शाळकरी मुलांतही तशीच सरमिसळ दिसते. वीज केंद्रातील कायम कर्मचाऱ्यांची मुले, कंत्राटी कामगारांची मुले आणि जुन्या गावांतील कुटुंबांची मुले शेजारी-शेजारी बसतात. घरी कोणी झाडीबोली बोलतो, कोणी हिंदी, कोणी तेलुगू, तर कोणाच्या आजीची भाषा गोंडी असते.

शाळेचा पहिला दिवस आता सर्वत्र प्रवेशोत्सव म्हणून साजरा होतो. दाराला आंब्याचे तोरण, अंगणात रांगोळी, गावातून प्रभातफेरी, नवागतांच्या हाती फूल आणि पाठ्यपुस्तकांचा संच असा हा कार्यक्रम असतो. बालभारतीची पुस्तके त्याच दिवशी मुलांच्या हाती पडावीत यासाठी ती गटपातळीवर आधीच पोहोचविण्यात येतात. अशा समारंभांची छायाचित्रे माहिती कार्यालयात दरवर्षी ढिगाने येतात आणि ती पाहून आनंदही होतो. तथापि, पहिल्या दिवशी जे मूल आले नाही, त्याचे छायाचित्र कोणी काढीत नाही. शाळेचे वर्ष कसे जाणार, हे पहिल्या पंधरवड्यात अशा मुलांचा शोध कितपत घेतला जातो, यावर बऱ्याच अंशी ठरते.

ऊर्जानगर परिसरात मूल न येण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे कागद. उन्हाळ्यात बदल्या होतात. कंत्राटी कामगार एका कामावरून दुसऱ्या कामावर जातात. कुटुंब येथे येते आणि शाळा सोडल्याचा दाखला मागच्या गावी राहून जातो. एखाद्या मुलाचा जन्मदाखलाच काढलेला नसतो. बाप दोनदा शाळेत येतो, दोनदा परत जातो, तिसऱ्यांदा येत नाही. याबाबत कायदा अत्यंत स्पष्ट आहे. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 यातील कलम 5 नुसार दाखला मिळण्यास विलंब झाला, या कारणावरून प्रवेश लांबणीवर टाकता येत नाही किंवा नाकारता येत नाही. कलम 14 नुसार वयाचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश अडविता येत नाही. जे मूल कधी शाळेत गेलेच नाही किंवा मध्येच सुटले, त्याला कलम 4 प्रमाणे त्याच्या वयास योग्य अशा वर्गात बसवून, इतर मुलांच्या बरोबरीस यावे म्हणून विशेष प्रशिक्षण द्यावयाचे असते. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांचे प्रवेश होतील हे पाहण्याचे कर्तव्य कलम 9 ने स्थानिक प्राधिकरणावर सोपविले आहे. म्हणजे दाखला मागविण्याचा पत्रव्यवहार शाळेने करीत राहावा. मूल मात्र त्या दिवसापासून वर्गात असावे. कामगारांच्या झोपड्यांपर्यंत ही माहिती पोहोचविण्याचे काम पंचायत सदस्याइतके सहजपणे दुसरा कोणी करू शकेल असे वाटत नाही.

दुसरे कारण वाटेचे आहे, आणि या भागात ते अधिक गंभीर आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये लागोपाठच्या दोन दिवसांत वीज केंद्राच्या परिसरात एका कामगाराचा वाघाच्या हल्ल्यात, आणि दुर्गापूर येथे सोळा वर्षांच्या एका मुलाचा बिबट्याच्या हल्ल्यात मृत्यू झाला. मार्चअखेर दुर्गापूर येथेच आठ वर्षांच्या एका मुलाला बिबट्याने ओढून नेले. ज्या आईने ते वर्ष येथे काढले, तिला मुलाला एकटे शाळेत धाडण्यास कोणत्या तोंडाने सांगावे?

बिबट्या वस्तीत का येतो, हे शिक्षकांनी व पंचायतींनी नीट समजून घेतले पाहिजे. त्याला हरणाच्याच शिकारीची गरज नसते. कुत्री, डुकरे, शेळ्या यांवर तो सुखाने जगतो. उघड्यावर टाकलेला कचरा आणि मटणाचे टाकाऊ अवशेष यांमुळे कुत्री व डुकरे जमतात आणि त्यांच्यामागून बिबट्या येतो. पडीक जागेत माजलेल्या विलायती बाभळीच्या दाट झुडपांत त्याला दिवसभर दडण्यास जागा मिळते. त्याची हालचाल मुख्यतः रात्री, पहाटे आणि तिन्हीसांजेला असते. जूनच्या अखेरीस येथे साडेपाचनंतर सूर्य उगवतो. सातच्या शाळेसाठी मूल साडेसहाला निघाले तर रस्त्यावर उजेड असतो, पण आभाळ भरून आले असेल तर झुडपांत अद्याप अंधारच असतो. सकाळच्या सत्राबाबत वर जे म्हटले ते यामुळेच. उन्हापासून मुलांना वाचविणारी वेळ वाटेच्या दृष्टीने तितकीशी निर्धास्त नसते.

यावर उपाय साधे आहेत आणि बहुतेक स्थानिक पातळीवरच होण्याजोगे आहेत. शाळा उघडण्यापूर्वी मुलांच्या वाटेच्या दोन्ही बाजूंची झुडपे काढावीत; पावसाने ती महिन्याभरात पुन्हा वाढतात, म्हणून श्रावणापूर्वी एकदा परत काढावीत. कचरा शाळेच्या वाटेपासून दूर नेऊन त्याची विल्हेवाट लावावी. बंद पडलेले दिवे सुरू करावेत. मुलांनी मोहल्ल्यानुसार गट करून, मोठ्या माणसाच्या सोबतीने यावे-जावे. रमतगमत मागे राहणारे लहान मूल गटाच्या मध्ये असावे. संध्याकाळी खेळ किंवा जादा वर्ग असल्यास तो उजेडी संपवावा. शाळेतील स्वच्छतागृहाकडे जाणारी वाटही याच नजरेने पाहावी. वन्यप्राणी दिसल्यास वन विभागाच्या 1926 या निःशुल्क क्रमांकावर कळविता येते. हा क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेला असावा. येथील जमीन कोठे वीज केंद्राची, कोठे खाणीची, कोठे वन विभागाची, तर कोठे ग्रामपंचायतीची आहे. झुडपे कोणी काढावयाची हा प्रश्न त्यामुळे पुष्कळ वेळा या चौघांच्या मधोमध पडून राहतो. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. या समितीने मुलांच्या वाटेने एकदा चालत जाऊन, कोणता तुकडा कोणाचा हे लिहून काढले आणि तो ठराव संबंधितांकडे पाठविला, तर निदान टोलवाटोलवीस जागा उरत नाही.

मूल शाळेत पोहोचल्यावर त्याच्या जेवणाची व्यवस्था असते. पहिली ते पाचवीच्या मुलास 100 ग्रॅम तांदूळ धरून 450 उष्मांक व 12 ग्रॅम प्रथिने मिळतील असा आहार ठरलेला आहे. उन्हाळाभर बंद असलेली पाण्याची टाकी धुणे, धान्याची कोठी उन्हात तापविणे आणि बंद वर्गखोल्यांतील विंचूकाटा पाहणे ही कामे मात्र शाळा उघडण्याच्या आदल्या दिवसावर ठेवू नयेत.

ऊर्जानगरच्या मुलाला वाटेची भीती असते, तर पूर्वेकडील मूल, सावली, सिंदेवाही या धानपट्ट्यात आणि पलीकडे गडचिरोलीत अडचण निराळी असते. तेथे जुलैत पऱ्हे काढणीला येतात आणि रोवणी सुरू होते. आईबाप दिवसभर बांधीत असतात आणि धाकट्याला सांभाळण्यासाठी थोरली मुलगी घरी राहते. भामरागडकडे पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद होतो आणि सुटीत घरी गेलेली आश्रमशाळेतील मुले अडकून पडतात. अशा मुलांची गैरहजेरी पंधरा दिवसांची, कधी महिन्याची होते. त्यांची नावे पटावरून कमी करण्याची घाई करू नये. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही, असे कलम 16 सांगते. रोवणी आटोपली की ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शिक्षकाने हजेरीपट घेऊन पाड्यावर एक फेरी मारावी, आणि परतलेल्या मुलांसाठी सुटलेले धडे पुन्हा घेण्याचा तास त्याच आठवड्यापासून वेळापत्रकात धरावा.