मालिश : कोणी करावी, कोणी टाळावी?

दिवाळीचे अभ्यंगस्नान, बाळ-बाळंतिणीचे न्हाऊ-माखू, तालमीत पैलवानांनी एकमेकांचे अंग रगडणे, आजोबांच्या तळपायांना काशाच्या वाटीने तूप चोळणे... मालिश आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. त्यामुळे "डॉक्टर, मालिश केली तर चालेल का?" हा प्रश्न दवाखान्यात नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. मालिश कोणाला, कशासाठी आणि केव्हा करायची, हे आधी पाहावे लागते.

मालिशने काय होते?

कोपर चौकटीवर आपटले की आपण नकळत ती जागा चोळतो आणि दुखणे कमी वाटते. १९६५ साली मेल्झॅक व वॉल या शास्त्रज्ञांनी याचा उलगडा केला. स्पर्शाची व दाबाची संवेदना मज्जारज्जूत पोचली, की वेदनेची वाट काही अंशी अडवली जाते. शिवाय आखडलेले स्नायू सैल होतात, मनावरचा ताण उतरतो, झोप चांगली लागते. दिवसभर शिलाई मशीनवर वाकणारे, हिशेबाच्या वह्यांत मान घालून बसणारे किंवा शेतात खुरपणी करणारे यांच्या पाठीला व मानेला मालिशने आराम पडतो, तो यामुळेच.

मात्र हा आराम काही काळापुरता असतो. दुखणे पुन्हा येऊ नये म्हणून बसण्याची पद्धत सुधारणे व रोज व्यायाम करणे याला पर्याय नाही. मालिशने चरबी वितळत नाही, गुडघ्याची झीज भरून येत नाही. अर्धांगवायूच्या रुग्णाला मालिशने बरे वाटते. पण हातापायांत ताकद यायची तर व्यायामच करून घ्यावा लागतो.

तान्ह्या बाळाची मालिश

आजीबाईंच्या या रीतीला आता शास्त्राचाही आधार मिळाला आहे. १९८६ साली अमेरिकेतील टिफनी फील्ड यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दिवसातून तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटे हळुवार मालिश करून पाहिली. दहा दिवसांत त्या बाळांचे वजन इतरांपेक्षा सुमारे ४७ टक्के अधिक गतीने वाढले.

बाळासाठी खोबरेल तेल चांगले. मोहरीचे तेल त्याच्या नाजूक कातडीला झोंबते. नाका-कानांत तेल मुळीच घालू नये. नाकातले तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. बाळाची छाती पिळून 'दूध' काढण्याची चाल तर बंदच करावी. त्याने तेथे गळू होते. नाळ पडेपर्यंत बेंबीला तेल लावू नये. वजन फार कमी असेल, तर मालिश सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

येथे सावध राहा

काही वर्षांपूर्वी एक बाळंतीण माझ्याकडे आली. बाळंतपणाला बारा दिवस झाले होते. डावी पोटरी सुजलेली, गरम व दुखरी. "वात धरलाय, कडक तेलाने रगडा," असा शेजारचा सल्ला. सासूबाईंनी मात्र आधी दवाखाना गाठला. सोनोग्राफीत पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी दिसली. अशी पोटरी रगडली, तर गुठळी सुटून फुप्फुसात जाते व क्षणात जिवावर बेतते. वेळेवर औषधे मिळाली, म्हणून ती सुखरूप राहिली.

बाळंतपण, शस्त्रक्रिया, प्लॅस्टर किंवा बरेच दिवस अंथरुणाला खिळणे यानंतर एकच पाय सुजला, तर त्याला तेलाचा हात लावू नका. इतर काही गोष्टीही ध्यानात ठेवा :

• छातीत दुखून घाम येत असेल, कळ जबड्यात किंवा डाव्या हातात जात असेल, तर बाम चोळण्यात वेळ घालवू नका. ताबडतोब रुग्णालयात जा.
• पाय मुरगळल्यास पहिले दोन दिवस चोळू नये, बर्फाने शेकावे. पाय टेकवत नसेल, तर आधी एक्स-रे काढावा. मोडलेले हाड रगडल्याने जास्त सरकते.
• मधुमेह असणाऱ्यांच्या पायांना चटका कळत नाही. त्यांना गरम तेल लावू नये.
• ताप, गळू, जखम किंवा कातडीचा संसर्ग असताना मालिश टाळावी.
• म्हाताऱ्या माणसांची हाडे ठिसूळ असतात. त्यांच्या पाठीवर पाय देऊन तुडवू नये.
• सलूनमध्ये चंपी खुशाल करून घ्या. पण मान झटक्याने 'कट्‌कन' मोडू देऊ नका. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊन अर्धांगवायू झाल्याची उदाहरणे आहेत.

मालिश कशी करावी?

तेल कोमट असावे; आधी आपल्या मनगटावर थेंब टाकून पाहावे. जेवणानंतर लगेच मालिश करू नये. वाग्भटाने 'अष्टांगहृदया'त रोजच्या अभ्यंगाची शिफारस केली आहे, पण अजीर्ण झालेल्याला तो वर्ज्य सांगितला आहे. दाब सोसवेल इतकाच द्यावा. 'जितके दुखेल तितका गुण' ही समजूत चुकीची आहे. स्नानगृहातील तेलकट फरशी लगेच धुवावी, नाहीतर घसरून पडण्याचे नवे दुखणे मागे लागते.

दोन आठवडे मालिश करूनही दुखणे हटत नसेल, रात्री वाढत असेल किंवा हातापायांना मुंग्या येत असतील, तर तेल बदलत बसू नका. डॉक्टरांना दाखवून दुखण्याचे कारण शोधा.