फाटक्या कानाचा बोका घरी आणताना

अ‍ॅडॉप्शनची पोस्ट ग्रुपवर पडते. चार पिल्लं, गुबगुबीत, एकमेकांवर लोळणारी. संध्याकाळपर्यंत चारही जणांना घर मिळतं. त्याच पोस्टमध्ये खाली पाचवा फोटो असतो. मोठा बोका, एक कान फाटलेला, मानेवर केस नसलेला गुलाबीसर पट्टा. त्याच्याखाली रडक्या इमोजी पडतात, 'बिचारा' पडतं आणि सगळे पुढे सरकतात. आठवड्याने तीच पोस्ट पुन्हा येते. आता फक्त बोक्याची.

तुम्ही निफाड, लासलगाव, पिंपळगावकडचे असाल आणि तुमचं बोट त्या पाचव्या फोटोवर थांबत असेल, तर दोन गोष्टी टाळा. व्रण बघून घाबरू नका आणि व्रण बघून भाळूही नका. आधी तो व्रण नीट वाचा.

व्रण काय सांगतो?

आपल्या भागात मांजराच्या अंगावर खुणा उमटायला बरीच कारणं आहेत. निफाडचा पारा दर हिवाळ्यात बातमी होतो. ज्या रात्री द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात, त्या रात्री भटकं मांजर ऊब शोधत नुकत्याच उभ्या केलेल्या पिकअपच्या इंजिनात शिरतं. सकाळी चावी फिरते आणि आतला पंखा किंवा पट्टा त्याची कातडी सोलून काढतो. (थंडीत गाडी सुरू करण्याआधी बोनेटवर दोन थापा मारा. तेवढ्याने एखादा जीव वाचतो.) संक्रांत आली की मांजा. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो झाडांत, तारांत लटकलेला दिसतोच. बाकी मग कुत्री आहेत आणि बोक्यांच्या आपापसातल्या मारामाऱ्या आहेत.

जुना, भरलेला व्रण कोरडा असतो, सपाट असतो. केसांची मुळंच गेलेली असल्यामुळे तिथे पुन्हा केस येत नाहीत. त्याचा मांजराला त्रास नसतो आणि तुम्हाला त्यापासून काही होत नाही. पण जागा सुजलेली, गरम, ओली किंवा वास येणारी असेल तर ती जखम आहे. बोक्याच्या चाव्याचं छिद्र वरून दोन दिवसांत मिटतं आणि आत पू साठत राहतो. गोल, खपल्या धरलेला टक्कलाचा चट्टा असेल तर ते बहुधा गजकर्ण. ते माणसालाही लागतं, पण औषधाने बरं होतं. आणि कानाचं टोक कात्रीने कापावं तसं सरळ रेषेत कापलेलं दिसलं, तर चांगली बातमी! नसबंदी झालेल्या भटक्या मांजराची ती ओळखीची खूण आहे. म्हणजे कुणीतरी त्याची आधीच काळजी घेतली आहे.

एका डोळ्याचं मांजरही असंच. पिल्लूपणी सर्दीच्या विषाणूने डोळे चिकटतात, उपचार मिळत नाहीत आणि डोळा जातो. उरलेल्या एका डोळ्यावर ते घरात मजेत उड्या मारतं.

घरात येण्याआधी डॉक्टरकडे

तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मुख्यतः गाई-म्हशी असतात, तरी मांजर दाखवता येतं का ते विचारा. नाहीतर नाशिक गाठा. जखमांची तपासणी, जंतांचं औषध, रेबीजची आणि मांजरांची नेहमीची लस, आणि नसबंदी झालेली नसेल तर तिची तारीख. मारामारी करणाऱ्या बोक्यांमध्ये चाव्यातून पसरणारा एफआयव्ही नावाचा विषाणू असू शकतो, त्याची रक्तचाचणी करून घ्या. तो माणसाला होत नाही आणि तो असलेलं मांजरही काळजी घेतली तर वर्षानुवर्षं जगतं. फक्त घरात आधीची मांजरं असतील तर डॉक्टरांशी बोलून ठरवा.

घरगुती प्रयोग मात्र नकोत. तापावरची आपली पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. जखमेवर फिनाईल ओतणंही तितकंच घातक. आणि घाबरलेल्या मांजराने चावलं किंवा ओरखडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन रेबीजच्या लशीबद्दल विचारा. 'एवढंसं तर आहे' म्हणून सोडून देऊ नका.

त्याला वेळ द्या

पहिले काही दिवस बोका पलंगाखालून बाहेरच येणार नाही. येऊ देऊ नका असं नाही, ओढू नका. एक खोली, एक खोका, पाणी, खाणं, वाळूचं घमेलं, बास. दूधही नको. बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही.

'मांजर डोळे मिटून दूध पितं' ही म्हण आपण ढोंग्यासाठी वापरतो. प्रत्यक्षात मांजर तुमच्याकडे बघून सावकाश डोळे मिटतं, तेव्हा ते निवांत असतं. इंग्लंडमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिलं, की माणसाने तसेच सावकाश डोळे मिचकावले तर मांजर उलट डोळे मिचकावतं आणि जवळ यायलाही जास्त तयार होतं. मग रोज जमिनीवर बसा, टक लावू नका, डोळे मिचकवा आणि अभ्यास करा. ज्याला माणसाकडून दगडच मिळालेत, त्याला तुमचा हात म्हणजे काय हे नव्याने कळायला महिना लागला तर लागू दे.

रात्री त्याला घरातच ठेवा. उसात बिबट्या आहे, रस्त्यावर कुत्री आहेत. कांद्याच्या चाळीत उंदरांसाठी विष ठेवलं असेल, तर विष खाल्लेला उंदीर खाऊन मांजरही मरू शकतं. बागेत फवारणी झाल्यावर अंगावर उडालेलं औषध ते चाटून पोटात घेतं.

खरा प्रश्न तुमचा आहे

आजी म्हणेल, 'असलं विद्रूप मांजर आडवं जाईल रोज.' पाहुणे विचारतील, 'याला काय झालंय?' याची उत्तरं तुम्ही द्याल. अवघड प्रश्न वेगळा आहे. तुम्ही आज २० वर्षांचे. घरात सांभाळलेलं मांजर १२ ते १५ वर्षं सहज जगतं. बोका आता चार वर्षांचा असेल, तरी तुमची तिशी उजाडेपर्यंत तो असणार. मध्ये तुमची डिग्री, पुण्यातली नोकरी, 'पाळीव प्राणी चालणार नाहीत' म्हणणारा घरमालक. तेव्हा बोका कुणाकडे? 'आई बघेल' हे उत्तर आईला विचारून दिलंय का?

नसेल, तर आज घरी बसून हे बोला. खर्च कोण करणार, तुम्ही नसताना खाणं कोण घालणार, हे ठरवा. उत्तर 'नाही जमणार' आलं तरी त्यात कमीपणा नाही. उपचार होईपर्यंत चार आठवडे त्याला खोली द्या, नाशिकला न्यायला गाडी द्या, नसबंदीसाठी वर्गणी काढा. एकदा माणसाच्या घराची सवय लागलेलं मांजर पुन्हा रस्त्यावर सोडणं, हे कुठल्याही जखमेपेक्षा वाईट. त्याला आता कुत्र्यांशी झुंजता येत नाही आणि माणसांना भिण्याचंही ते विसरलेलं असतं.

आणि उत्तर 'हो' आलं, तर पोस्टखाली 'बिचारा' लिहू नका. 'मी घेतो', 'मी घेते' असं लिहा आणि फोन करा.