हेडफोनला साजेसा ॲम्प्लिफायर

ॲम्प्लिफायर जितका मोठा तितका नाद मधुर, हा समज खरा नव्हे. सेनहायझरच्या ‘एचडी ६००’ या हेडफोनचा इम्पिडन्स, म्हणजे विद्युतप्रवाहाला होणारा विरोध, ३०० ओहम आहे. मोबाइलमधून मिळणारे व्होल्टेज त्याला अपुरे पडते. हळू आवाजात मुद्रित झालेले ख्यालगायन क्षीणच ऐकू येते. तेथे स्वतंत्र ॲम्प्लिफायरचा खर्च सार्थकी लागतो. कानात बसणाऱ्या इअरफोनचे उलट असते. त्यांचा इम्पिडन्स बहुधा १६ ते ३२ ओहम, संवेदनक्षमता मात्र अधिक. जोरकस ॲम्प्लिफायर जोडल्यास तानपुऱ्याखाली अखंड खरखर ऐकू येते, आणि बटण जरासे फिरताच कानठळ्या बसतात. ॲम्प्लिफायरचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स इअरफोनच्या एक-अष्टमांशाहून अधिक नसावा, असा ढोबळ संकेत आहे. १६ ओहमच्या इअरफोनला २ ओहम. विक्रेते वॅटच सांगतात, हा आकडा मात्र विचारून घ्यावा लागतो.