तळघरातील ध्वनिमुद्रणगृह

राहत्या घराच्या जोत्याखाली, पूर्णतः किंवा अंशतः जमिनीत असलेल्या खोलीत गायन, वादन वा निवेदन मुद्रित करण्यासाठी केलेली व्यवस्था. ध्वनिमुद्रणासाठी खास वास्तू असावी ही कल्पना मागाहून आली. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्ग यांनी भारतातील आरंभीची ध्वनिमुद्रणे कलकत्त्यास हॉटेलच्या खोलीतच केली. त्या काळचे कर्ण्याचे यंत्र इतके मंदग्राही होते की, खोलीचे गुणदोष तबकडीवर फारसे उतरत नसत. मायक्रोफोन आल्यावर ते स्पष्ट ऐकू येऊ लागले, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणकावरील अंकीय मुद्रण स्वस्त झाल्यावर ते निस्तरण्याचे काम हौशी कलावंतांवरही येऊन पडले.

तळघर निवडण्याचे मुख्य कारण शांतता हे होय. रत्नागिरीसारख्या किनारी शहरात याला विशेष अर्थ आहे. येथे वर्षाकाठी सरासरी ३,००० मिमी. हून अधिक पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. कौले व विशेषतः पत्रे यांवरील पावसाचा आवाज सर्व कंप्रतांत पसरलेला असल्याने तो मुद्रणातून मागाहून गाळून काढता येत नाही. घराखालील खोली या आवाजापासून जवळजवळ मुक्त असते. मात्र ज्या पावसापासून कानांची सुटका होते, तोच भिंतींतून आत येतो. म्हणून येथील नियोजनाचा आरंभ ध्वनीपासून नव्हे, तर पाण्यापासून करावा लागतो.

जागा व पाणी : रत्नागिरीचे सडे जांभा खडकाचे आहेत. जांभा सच्छिद्र असून त्यात पाणी सहज मुरते; खाली चिकणमातीचा थर लागला की, ते अडते व उताराच्या बाजूने झऱ्यासारखे बाहेर पडते. सपाट सड्यावर खड्डा खणून केलेले तळघर त्यामुळे पावसाळ्यात विहिरीसारखे वागते. उतारावरील घराच्या जोत्याखाली, तीन बाजूंनी जमिनीत व एका बाजूने मोकळी असलेली खोली हा येथील उत्तम पर्याय होय. जमिनीला टेकलेल्या भिंतींबाहेर जमिनीच्या पातळीखाली दगडगोट्यांनी भरलेला चर काढून त्याचे पाणी उताराकडे आपोआप वाहून जाईल असे करतात. पंपावर विसंबणे इष्ट नाही, कारण वीज नेमकी मोठ्या पावसात जाते. भिंतींना बाहेरून जलरोधक लेप द्यावा. आतून दिलेला लेप पाण्याच्या दाबाने सुटतो. बांधकामानंतर एक पावसाळा खोली रिकामी ठेवून ओल कोठे उमटते ते पाहिल्याशिवाय आतील कामास हात घालू नये. अस्तर चढल्यावर ओलीचा मूळ स्रोत सापडत नाही.

ध्वनिरोधन : ध्वनी अडविण्याचे काम वस्तुमान करते. एकसंध भिंतीचे वस्तुमान दुप्पट केले असता रोध सु. ६ डेसिबेलांनी वाढतो. जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत जड असली, तरी तिची छिद्रे व सांधे दोन्ही बाजूंनी गिलावा करून बंद करावे लागतात. खरा कमकुवत भाग दार हा असतो. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या केवळ एक टक्का भेग राहिली, तर एकूण रोध २० डेसिबेलांपलीकडे जात नाही; म्हणून रबरी पट्टी लावलेली दोन दारे मध्ये थोडी जागा सोडून बसवितात. वरच्या मजल्यावरील पावले व पाट्यावरवंट्याचे घाव हे हवेतून न येता छताच्या स्लॅबमधून उतरतात. त्यांसाठी वरच्या फरशीवर जाड अंथरूण घालणे हा स्वस्त, तर रबरी टेकूंवर टांगलेले दुसरे छत हा खर्चिक उपाय आहे.

खोलीची मापे : लहान खोलीत समोरासमोरील भिंतींमध्ये ठराविक कंप्रतांच्या अप्रगामी तरंगांमुळे अनुनाद निर्माण होतो [→ ध्वनि]. हवेतील ध्वनिवेग सु. ३४५ मी./से. धरल्यास त्यांपैकी सर्वांत खालची कंप्रता ध्वनिवेगास भिंतींतील अंतराच्या दुपटीने भागून मिळते. तीन मीटरच्या घनाकृती खोलीत तिन्ही दिशांची कंप्रता ५७·५ हर्ट्‌झ येते व तेवढाच स्वर बेसुमार घुमतो. याउलट ५·१ × ४ × २·७ मी. मापाच्या खोलीत ती अनुक्रमे सु. ३४, ४३ व ६४ हर्ट्‌झ अशी विखुरते. तरीही प्रश्न पूर्णतः सुटत नाही. ‘काळी एक’ पट्टीत लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याच्या खर्जाचा मूलस्वर सु. ६९ हर्ट्‌झचा असतो आणि याच खोलीच्या लांबीचा दुसरा अनुनाद सु. ६८ हर्ट्‌झवर येतो. परिणामी मायक्रोफोन लांबीच्या मध्यावर असता खर्ज फुगतो. भिंतीपासून चतुर्थांश अंतरावर, म्हणजे सु. १·३ मी.वर, तो लोपल्यासारखा वाटतो. तंबोऱ्यास वा वादकास दोष देण्यापूर्वी बैठक हातभर सरकवून पाहणे म्हणूनच श्रेयस्कर.

शोषण : वॉलेस सबाइन (सेबिन) या अमेरिकन भौतिकीविज्ञांनी हार्व्हर्ड विद्यापीठातील एका सदोष व्याख्यानगृहावर १८९५ पासून प्रयोग करून निनादन काल (ध्वनी बंद झाल्यावर त्याची पातळी ६० डेसिबेलांनी उतरण्यास लागणारा काल) व शोषण यांचा संबंध प्रस्थापित केला. त्यानुसार निनादन काल = ०·१६१ × घनफळ ÷ एकूण शोषण. वरील खोलीचे घनफळ सु. ५५ घ. मी. व पृष्ठभाग ९० चौ. मी. भरतो. नुसत्या गिलाव्याचा सरासरी शोषण गुणांक ०·०३ धरला, तर निनादन काल तीन सेकंदांहून अधिक येतो. तो ०·३५ सेकंदावर आणण्यासाठी ०·८ गुणांकाच्या द्रव्याने सु. २९ चौ. मी., म्हणजे पृष्ठभागाचा तिसरा हिस्सा, आच्छादणे पुरेसे असते. सर्व भिंती गाद्यांनी मढविण्याची प्रथा म्हणून अनाठायी आहे. तशा खोलीत गायकाचा स्वर मरगळतो व डग्ग्याचा घुमारा मात्र तसाच राहतो, कारण पातळ थर केवळ उच्च कंप्रताच शोषतो. नीच कंप्रतांसाठी भिंतीपासून १० सेंमी. अंतरावर चौकटीत बसविलेला ६ मिमी. जाडीचा प्लायवुड उपयोगी पडतो, तो सु. १०० हर्ट्‌झच्या आसपास कंप पावून ऊर्जा शोषतो. कोकणात काथ्या मुबलक मिळतो व कापसापेक्षा ओलीत टिकतो. खनिज लोकर अधिक कार्यक्षम, पण ती कापडाआड बंद ठेवावी लागते.

मांडणी : पाश्चात्त्य पुस्तकांतील आराखडे खुर्चीवरील किंवा उभ्या कलावंतासाठी असतात. आपल्याकडील गायक जमिनीवर बसत असल्याने त्याच्या सर्वांत निकटचा परावर्तक फरशी हाच असतो व तिच्यावर जाड सतरंजी अपरिहार्य ठरते. मुद्रण ऐकण्याचे ध्वनिक्षेपक आखूड भिंतीकडे समांतर ठेवून ऐकणाऱ्याने त्या भिंतीपासून सु. १·९ मी.वर बसावे. पंख्याचा आवाज करणारा संगणक जिन्याखाली ठेवावा. नमन किंवा जाखडीचा पूर्ण संच अशा खोलीत मावत नाही, आणि मावला तरी झांजा व मृदंगामुळे आवाज गुदमरतो. त्याचे मुद्रण देवळाच्या सभामंडपातच चांगले होते.

हवा व आर्द्रता : खोली जितकी ध्वनिरोधी तितकी ती हवाबंद. चार माणसे तासाभरात सु. ८० लि. कार्बन डाय-ऑक्साइड सोडतात. वरील खोलीत त्याचे प्रमाण ०·०४ टक्क्यांवरून ०·१९ टक्क्यांच्या आसपास जाते व डोके जड होऊ लागते. त्यासाठी आतून शोषक अस्तर लावलेला, दोन वळणांचा रुंद वायुमार्ग ठेवतात. तो रुंद असला की हवा सावकाश वाहते व तिची सळसळ ऐकू येत नाही. पण पावसाळ्यात बाहेरची हवा बाष्पाने भरलेली असते व थंड भिंतींवर तिचे दव धरते. तबल्याची पुडी ओलीने सैल पडून स्वर उतरतो, संधारित्र मायक्रोफोनचा पडदा खरखरतो व पेटीचे सूर बसतात. यास्तव आर्द्रता ५० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान राखणारे निरार्द्रक यंत्र दोन मुद्रणांमधील वेळेत चालवितात व मुद्रण सुरू होताच बंद करतात. त्याच्या टाकीतील पाणी रोज ओतून टाकावे लागते. नळीने ते भिंतीबाहेरील चरात सोडल्यास ती कटकट उरत नाही.